अळवाखालची तार

अण्णा, तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. टीव्हीवर चादर टाकलेली आहे. मुलं मधूनमधून तिच्याकडे बघतात. दुपारपासून डोंगराच्या अंगाने ढग चढतायत. तुमच्या अँटेनाची काठी कौलांच्या वर तशीच उभी आहे, आणि हातातलं काम टाकून मी तीन वेळा मागच्या दारी जाऊन आले. आईंना वाटलं, सून कोपऱ्यात रडायला जाते. रडायलाच जात असते तर किती बरं झालं असतं.

माणसं येतायत. भायंदरच्या या खारी गावातल्या निम्म्या घरांत वायरिंग तुमच्या हातचं, त्यामुळे जो येतो तो आधी आपल्या घरातल्या बटणाबद्दल बोलतो आणि मग डोळे पुसतो. मला म्हणतात, "सासरा मिळावा तर असा." मी मान हलवते. खोटं नाहीच ते. पण मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे, अण्णा, आणि ती बोलायला माझ्याकडे चार पावसाळे होते. चारही पावसाळे मी तोंडात मिठाची गुळणी धरून काढले.

टीव्ही आणला तो मे महिना आठवा. मुंबईत टीव्ही सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. आपल्या आळीत दोनच घरांवर अँटेना होते, तेही बांबूला बांधलेले. वारा आला की ते माना डोलवायचे आणि आत बातम्या सांगणारी बाई लांबुळकी व्हायची. दुकानदाराने आपल्याकडे दोन माणसं पाठवली. त्यांनी बांबू आणि सुतळी आणलेली बघून तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. "सेठ को बोलो, हम खुद लगाएगा," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा त्यातला एक हसला होता. तुम्ही कारखान्यात आयुष्यभर वायरमन होतात, हे त्याला कुठे माहीत!

तुम्ही लोखंडी पाइप आणलात. तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिलेत. आणि मग, लोक चित्राची वाट बघत ओट्यावर बसलेले असताना, चित्र सोडून जमिनीच्या मागे लागलात. पाइपच्या बुडापासून तांब्याची तार मागच्या भिंतीवरून खाली उतरवायची आणि पत्र्याला जोडून खोल पुरायची. वीज काठीवर आलीच तर तिला घरात शिरण्याआधी जमिनीत जायला वाट हवी. "छप्पर गळलं तर बादली ठेवता येते," तुम्ही म्हणालात, "अर्थिंग नसलं तर काय ठेवशील?" शेजाऱ्यांना तो म्हाताऱ्याचा छंद वाटला. खरं सांगते, मलाही वाटला.

आपलं भांडण झालं ते खड्ड्यावरून. माती कायम ओली असेल अशी जागा तुम्हाला हवी होती, आणि तशी परसात एकच होती, मोरीचं पाणी पडतं ती. तिथे माझं अळू होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते तेव्हा ओल्या फडक्यात बांधून कंद आणला होता मी. तुम्ही खड्डा खणलात, पत्रा उभा ठेवलात, आणि कोळशाचं पोतं न् खड्याच्या मिठाचं पोतं शेजारी मांडलंत. एक थर कोळसा, एक थर मीठ. पुस्तकात तसं होतं, मिठाने माती वीज चांगली ओढते म्हणून.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, "अण्णा, मीठ घातलंत तर अळू मरेल."

"अळू काय, कुठेही येतं."

"तिकडे मिठागरं पसरलीत लांबवर. विहिरीचं पाणी तोंडात घालवत नाही. या मातीत आणखी मीठ कशाला?"

तुम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवलीत. थुंकलात. मग हसलात, आणि मिठाचं पोतं बाजूला सारलंत. सासऱ्यांशी एवढं लांब बोलायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि मी जिंकले होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढा आनंद झाला होता.

पण तुम्ही बजावलंत. "मीठ नको तर नको. पण हे अळू इथनं हलव. उद्या कुणीतरी कुदळ घालणार आणि तार तोडणार."

"मी आहे ना. मी सांभाळीन."

"बघ हां. मग वरचं माझं, खालचं तुझं."

ही वाटणी तुम्ही शेवटपर्यंत पाळलीत. माझ्या अळवाच्या वाफ्यात तुम्ही पुन्हा कधी हात घातला नाहीत.

तार पुरून झाल्यावर तुम्ही बल्ब लावून दाखवलात. शंभराचा बल्ब, एक टोक घरच्या लाइनला, एक टोक त्या तारेला. भर दुपारी तो भकभकीत पेटला. "बघ सूनबाई, जमिनीने घेतली," तुम्ही म्हणालात. पोळी फुगल्यावर आईंच्या चेहऱ्यावर येतो तसा आनंद तुमच्या चेहऱ्यावर होता.

आणि थाळी! तुम्ही कौलांवर, टीव्ही पुढच्या खोलीत, आणि चित्र आलं की नाही हे ओरडून सांगायचं कुणी? हे कामावर, मुलं लहान. राहिले मी. आईंनी डोळे मोठे केले. सुनेने सासऱ्यांना हाका मारायच्या, त्याही छपरावर, अख्ख्या आळीला ऐकू जातील अशा? म्हणून तुम्ही तोडगा काढलात. मी पितळी थाळीवर उलथनं मारायचं. एक ठोका म्हणजे काठी स्टेशनाच्या बाजूला फिरवायची, दोन म्हणजे डोंगराच्या बाजूला, तीन म्हणजे बस, तिथेच ठेवायची. दोन खोल्यांमधून पळत मी थाळी वाजवायचे आणि मुंग्यांमधून माणसं दिसायला लागायची. शेजारचे म्हणायचे, आपल्या घरी टीव्ही लागत नाही, टीव्हीची आरती होते.

आता ते सांगते.

दुसऱ्या वर्षीचा भाद्रपद. उत्तनची रोजीबाय मासळी घेऊन यायची, तिला माझं अळू आवडायचं. "माला एक कांदा दे गो, दारात लावते," असं ती दोनतीनदा म्हणाली होती, कंदाला ती कांदा म्हणायची. त्या दुपारी तुम्ही झोपला होतात. मी कुदळ घेतली. अळू इतकं माजलं होतं की तार कुठून जाते हे मला नीट आठवेना. तिसऱ्या घावाला काहीतरी टणकलं. मी माती सारली, आणि तार दोन तुकडे होऊन पडली होती.

तुम्ही वर्षभर आधी बोलला होतात, अगदी तेच, त्याच शब्दांत. कुणीतरी कुदळ घालणार. ते कुणीतरी मीच निघाले.

काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्हाला उठवायचं, बस्स. मी दोन्ही टोकं एकमेकांवर घेतली, बोटांनी पीळ दिला, वर माती ओढली, पायाने दाबली. रोजीबायला कंद दिला. तुम्ही उठल्यावर चहा दिला. त्या चहात साखर दोनदा पडली, आणि तुम्ही तो तसाच प्यालात.

त्यानंतर महिन्याभराने, ऑक्टोबरात, रविवारी संध्याकाळी सिनेमा होता. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपली रिकामी करून रोजीबायही ओट्यावर टेकली होती. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने काठी फिरली होती, चित्र दुहेरी दिसत होतं. तुम्ही शिडी लावून वर गेलात. मी मागच्या दारात थाळी घेऊन उभी राहिले. तुमचं तोंड मुंबईकडे होतं. ढग आला तो पूर्वेकडून, तुमच्या पाठीमागून.

पहिली वीज मला दिसली, तुम्हाला नाही. मी थाळीवर तीन ठोके मारले. बस झालं, या, असं मला म्हणायचं होतं. पण तीन म्हणजे तिथेच ठेवा. तुम्ही थांबलात. काठी दोन्ही हातांत धरून, बोल्ट आवळायला पाना काढत, तुम्ही तिथेच थांबलात. मी पुन्हा एक मारला, तुम्ही काठी स्टेशनाकडे फिरवलीत. मग मी थाळी बडवतच सुटले आणि तुम्ही गोंधळून काठी इकडून तिकडे फिरवत राहिलात. आपण सगळ्या खुणा ठरवल्या होत्या, खाली उतरायची खूण तेवढी ठरवली नव्हती.

माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही नव्हतात, अण्णा. माझ्या डोळ्यांपुढे अळवाखालचा तो पीळ होता.

रोजीबाय मागे येऊन उभी राहिली. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हाक मार गो! थाली कनाला वाजवते? त्याला कलत न्हाय!"

"आई..." मी म्हटलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं. आई आत लोकांमध्ये होत्या.

"आई गेली खड्ड्यात! हाक मार!"

मग मी ओरडले. "अण्णाऽऽ! खाली या! आत्ता खाली या!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तुम्ही दचकून वळलात, ढग बघितलात आणि उतरायला लागलात. शेवटच्या पायरीवरून तुमचा पाय जमिनीला लागतोय तोच मिठागरांच्या बाजूला कडाड आवाज झाला, पावसाची सर आली आणि सगळ्या आळीची वीज गेली.

अंधारात आतली मंडळी हळहळत होती, सिनेमा गेला म्हणून. तुम्ही पाठीवरचं पाणी निपटत म्हणालात, "एवढा आवाज आहे होय तुझ्याजवळ? मग यापुढे हाकच मार. थाळी दे आईला." आई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी चक्क हात पुढे केला. थाळी मी छातीशी घट्ट धरूनच होते, ते तुम्हाला दिसलं. "घाबरतेस काय? विजेच्या वेळी काठी धरली ही चूक माझीच. पण घराला काळजी नाही. खाली अर्थिंग आहे, तू सांभाळतेस."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तुम्ही इतके खुशीत होतात, आणि आत माणसं होती, आणि मग मेणबत्ती शोधायची होती. न सांगायला कारणं कधी कमी पडतात?

पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा बल्ब काढलात. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. बल्ब पेटला, पण लाल. विडीच्या टोकासारखा.

तुम्ही म्हणालात, "मंद वाटतो."

मी म्हटलं, "व्होल्टेज कमी असेल. सकाळपासून पंखाही हळूच फिरतोय."

भायंदरात ही सबब कधीही खपते. तुम्ही खिडकीतून आतल्या पंख्याकडे बघितलंत. पंखा चांगला गरगरत होता, अण्णा. मग तुम्ही बल्बकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी शर्ट झटकत होते. "असेल," तुम्ही म्हणालात आणि तारा गुंडाळल्या. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? पस्तीस वर्षं हेच काम केलेला माणूस, त्याला कमी व्होल्टेज आणि तुटका जोड यातला फरक कळणार नाही? मी नऊ दिवस त्या 'असेल'चा अर्थ लावतेय. कधी वाटतं, तुम्ही मला संधी देत होतात. कधी वाटतं, तुम्ही खरंच माझ्यावर विश्वास ठेवलात. यातलं दुसरं खरं असेल तर मला जास्त त्रास होतो.

त्यानंतर बल्ब बाहेर निघाला नाही. तुम्ही फक्त विचारायचात. मृग लागायच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा. "सूनबाई, खालचं बघितलंस?" आणि मी म्हणायचे, "बघितलं अण्णा, घट्ट आहे." सुरुवातीला हे म्हणताना मी दुसरीकडे बघायचे. मग तुमच्याकडे बघून म्हणता यायला लागलं. वीज चमकली की मात्र मी मुलांना टीव्हीपासून ओढून स्वयंपाकघरात नेऊन बसवायचे, कोरड्या पाटावर, भिंतीला न टेकता. हे म्हणायचे, तुला वीज फार बाधते. आईंनी माझी दृष्ट काढली होती एकदा.

यांना, स्वतःच्या मुलाला, तुम्ही किती बोलायचात! बटण उघडं ठेवलं म्हणून, फ्यूजमध्ये जाड तार घातली म्हणून. दोन मुलांचा बाप झालेला माणूस, पण तुमच्यापुढे खाली मान घालून उभा राहायचा आणि तासाभराने तुम्ही दोघं एकाच ताटातले शेंगदाणे खात बसायचात. आईंनाही सोडायचा नाहीत. मला मात्र कधी नाही. माझ्या हातून दूध उतू गेलं, तुमचा चष्मा फुटला, तरी "असू दे, असू दे." मी ते मिरवायचे. माहेरी जाऊन सांगायचे, मामंजी मला अवाक्षर बोलत नाहीत. ते बिघडायला नको म्हणून मी ती तार तशीच राहू दिली. आता लिहायला बसले तेव्हा कुठे हे माझ्या लक्षात येतंय.

इस्पितळात तुमच्या नाकात नळी होती. डॉक्टर म्हणाले होते, बोलू देऊ नका. हे खाली औषध आणायला गेले होते. तुम्ही डोळे उघडलेत, खिडकीबाहेर ढग होते, आणि तुम्ही विचारलंत. अर्धंच. "खालचं..."

मी म्हटलं, "बघितलं अण्णा. घट्ट आहे."

तुम्ही मान हलवलीत. माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं हे. दुसऱ्या दिवशी पहाटे छातीच्या दुखण्यातच सगळं संपलं. आणि बातमी कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगू? आलं की, विजेने नाही गेले. माझ्या हातून नाही गेले. मी सुटले. तिथे सगळी रडत होती आणि मला हायसं वाटलं, अण्णा. याची लाज मला त्या तारेपेक्षा जास्त वाटते.

आज दुपारी चौथ्यांदा मागच्या दारी गेले तेव्हा कुदळ घेऊनच गेले. सुतकात परसात खणायचं की नाही, कुणाला विचारलं नाही. अळू उपटलं, हाताने माती काढली. पीळ सापडला नाही. तारेचं वरचं टोक सापडलं, हिरवट पूड धरलेलं, बोटात घेतल्यावर मोडलं. खालचं टोक वीतभर लांब मातीत होतं. मध्ये नुसती ओली खारट माती. किती दिवस असं होतं, एक पावसाळा की तीन, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही किती वेळा वर चढलात, ते मात्र मी मोजू शकते.

मागे चाहूल लागली. आई आल्या होत्या. रिकाम्या कपाळाने त्या अजून मला परक्या वाटतात, बघवत नाही. "काय करतेयस तू?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात, कंदापासून इस्पितळापर्यंत. चिखलाचे हात तसेच वर धरून.

त्यांनी वाकून तारेचं मोडकं टोक बघितलं. "आणि ते वर चढायचे," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आता हाताला धरून मला बाहेर काढतील. त्या खाली बसल्या. गुडघे धरून, हळूहळू, माझ्या शेजारी मातीत. तुमची पक्कड कुठे असते ते त्यांनी मला सांगितलं. मी आणली, सुरीने तांबं लाल होईपर्यंत खरवडलं, नवा तुकडा मध्ये घातला. आईंनी टोकं धरली, मी पीळ दिला, तुम्ही फ्यूजच्या तारेला देताना मी पाहिला होता तसा. वरून पट्टी गुंडाळली. जोड बरोबर झालाय की नाही, मला माहीत नाही. बल्ब लावून बघायचं माझं धाडस झालं नाही. हे संध्याकाळी आले की त्यांना सांगेन, आणि उद्या एखाद्या वायरमनकडून सगळी तार बदलून घेईन. आजचा ढग या जोडावरच निघायचा आहे. अँटेनाची वायर टीव्हीपासून काढून ठेवली आहे. मुलं पाटावर बसलीयत.

हात धुताना आई म्हणाल्या, "सांगायचं होतंस गं. तुला काही बोलले नसते ते."

मी मान हलवली. त्यांच्याशी वाद घालायचा हा दिवस नव्हे. पण तुम्हाला सांगते. तुम्ही बोलला असतात. अर्थिंगच्या बाबतीत तुम्ही देवालाही सोडलं नसतंत. परसात उभं राहून, आळीला ऐकू जाईल असं, यांना बोलायचात तसं तुम्ही मला बोलला असतात, आणि मी मान खाली घालून उभी राहिले असते. मग तासाभराने तुम्ही मला शेंगदाण्यांना हाक मारली असती. ती बोलणी माझ्या हक्काची होती, अण्णा, आणि मी ती तुमच्याकडून मागून घेतली नाहीत.